बेहिशेबी पाणी

सत्तावीस वर्षं मी या गावाचे मीटर वाचतो आहे.
आधी नगरपालिकेचा माणूस म्हणून, तेलकट टोपीत,
आता कंपनीचा, निळ्या जाकिटात.
कुत्र्यांना फरक कळला नाही,
ती दोघांवरही तितक्याच निष्ठेनं भुंकली.

पोर्तुगालच्या उत्तरेला, डोंगर चढता चढता दमून बसलेलं गाव.
खाली नदी, वर चेस्टनटची झाडं,
मध्ये चारशे बारा नळ.

खोटं कशाला बोलू.
पालिकेच्या काळी चर्चमागचा पाइप तीन हिवाळे गळत होता.
तक्रारीचा कागद बाल्तझारच्या खणात,
खणाची किल्ली बाल्तझारच्या खिशात,
आणि बाल्तझार जेवायला गेलेला.
कंपनीची पोरं आली, दोन दिवसांत पाइप बदलला,
वर फोन करून विचारलं, समाधान झालं का?
समाधान!
जन्मात कुणी आम्हाला हे विचारलं नव्हतं.
आम्ही हरखलो. हरखणारच.

तेव्हापासून पत्रांवर 'प्रिय ग्राहक' येतं.
ग्राहकाचं गिऱ्हाईक व्हायला किती वेळ लागतो
ते दुसऱ्या हिवाळ्यात कळलं.
चौकातलं दगडी कारंजं बंद झालं,
त्याला मीटर नव्हता
आणि तहानलेल्याचं नाव-पत्ता कारंजं विचारत नसे.

मग वरच्या आळीचा प्रश्न निघाला.
अकरा घरं, बहुतेक म्हातारी, काही शेळ्या.
इंजिनियर लिदियानं मला पडद्यावर आकडे दाखवले:
पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते
तेवढंसुद्धा यांचं बिल होत नाही, आदेलिनो.
वाईट मुलगी नाही ती. मला कॉफी पाजली.
गणितही बरोबर होतं, मी दोनदा तपासलं.
पंप दिवसातून दोनच तास चालवायचं ठरलं.

ऑगस्टात कड्यावरून आग उतरली.
रात्रीचे अकरा, पंप बंद, किल्ली माझ्या कमरेला.
नियमाप्रमाणे परवानगीचा फोन लावला.
तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
म्हणाला एक गोड आवाज, मग पियानो वाजू लागला.
चेस्टनट फुटत होते, फटाफट, बंदुकीसारखे.
पियानो चालू असतानाच मी किल्ली फिरवली.

पहाटेपर्यंत पाणी चढत राहिलं.
बंबवाले, पाद्री, बाल्तझारसुद्धा, पायजम्यात,
सगळे एकाच नळीला लोंबकळलेले.
दोन घरं गेली. नऊ राहिली.
शेळ्यांचं मी सांगत नाही.

सप्टेंबरात अहवाल आला.
सहाशे चाळीस घनमीटर, बेहिशेबी पाणी,
रकाना: तोटा.
तोटी आणि तोटा,
वेलांटीच्या जागी काना आला की झालं.
सोबत एक फॉर्म, कारणावर खूण करा:
गळती, चोरी, नादुरुस्त मीटर.
चौथा चौकोन नव्हता.
लिदियानं खालच्या आवाजात सांगितलं, गळती लिहा, मी सही करते.

फॉर्म खिशात घालून मी वरच्या आळीला गेलो.
ओदेतेबाईंच्या भिंती अजून काळ्या,
मीटरवर महिन्याचं पाणी तीन युनिट.
त्या आतून रुमाल घेऊन आल्या,
गाठ सोडली, नाणी पायरीवर मांडू लागल्या,
एकेक, दोन युरोची वेगळी.
"त्या रात्रीचे किती झाले?"

म्हटलं, बाई, त्याचे पैसे नसतात,
ते पाणी गावाचं होतं.

"गावाचं?"
त्यांनी मान वर केली. चेष्टा नव्हती,
खरंच विचारत होत्या:
"गावाचं अजून काही आहे?"

खाली येईपर्यंत अंधार झाला.
फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.